लिनक्सवर ‘मदत हवी’ची खूण: रिमोट सपोर्टसाठी सोपा शॉर्टकट

रिमोट सपोर्टचं, म्हणजे दुसऱ्याने दुरून आपला पडदा बघून मदत करायचं सॉफ्टवेअर उघडायची वेळ येते ती काहीतरी बिघडल्यावरच. प्रिंटर चालत नसतो, बँकेची साइट अडलेली असते आणि फोनवर मुलगी सांगत असते, “बाबा, मेन्यू उघडा, त्यात इंटरनेटवर जा, रस्टडेस्क दिसतंय का बघा.” बाबांना ते दिसत नाही, कारण त्या नावाचा मदतीशी काही संबंध असेल हे त्यांना कळायला मार्गच नाही. म्हणून शॉर्टकट करताना विचार अडलेल्या माणसाचा करायचा. नाव मराठीत, खूण डोळ्यांसमोर आणि काम एका क्लिकवर.

इथे उदाहरण घेतलंय लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका प्रकाराची सिनॅमन आवृत्ती आणि रस्टडेस्क हे रिमोट सपोर्टचं सॉफ्टवेअर यांचं. रस्टडेस्क मुक्त सॉफ्टवेअर आहे, आणि मिंट सिनॅमन अजून मूळ सेटिंगमध्ये पडदा दाखवायच्या जुन्या एक्स ११ पद्धतीवर चालतं, त्यामुळे स्क्रीन दाखवताना अडचण येत नाही. एनीडेस्क किंवा टीमव्यूअर वापरत असाल तरी कृती हीच, फक्त सॉफ्टवेअर उघडायची आज्ञा बदलते.

आधी आज्ञा पक्की करा

ऑल्ट आणि एफ २ एकदम दाबा. छोटी चौकट उघडेल. तिथे रस्टडेस्क हे नाव इंग्रजीत, सगळी अक्षरं लहान, मध्ये जागा न सोडता लिहा आणि एंटर दाबा. खिडकी उघडली, तर तीच आपली आज्ञा. एनीडेस्क आणि टीमव्यूअर यांच्या आज्ञाही अशाच, नावाच्याच.

फ्लॅटपॅक या वेगळ्या पॅकेज स्वरूपात बसवलं असेल तर आज्ञा लांब होते: आधी ‘फ्लॅटपॅक रन’, मग एक जागा सोडून ‘कॉम’, टिंब, ‘रस्टडेस्क’, टिंब, पुन्हा ‘रस्टडेस्क’. यात शेवटच्या नावातले आर आणि डी तेवढे मोठे, बाकी सगळी अक्षरं लहान.

मग डेस्कटॉपवर खूण

१. डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर उजवं क्लिक करून ‘क्रिएट अ न्यू लाँचर हिअर’ निवडा. लाँचर म्हणजेच आपला शॉर्टकट.

२. ‘नेम’मध्ये ‘मदत हवी’ लिहा. देवनागरी नाव इथे बिनघोर चालतं. घरात ज्या शब्दाने हाक मारतात तोही चालेल, ‘ताईला दाखव’ असंसुद्धा.

३. ‘कमांड’मध्ये मघाची आज्ञा टाका. ‘लाँच इन टर्मिनल’चा चौकोन रिकामाच ठेवा, नाहीतर मागे एक काळी खिडकी उघडी राहते आणि ती बंद केली की कधीकधी जोडणीही तुटते.

४. डाव्या बाजूच्या चित्रावर क्लिक करून ठळक, इतरांपेक्षा वेगळ्या रंगाचं चित्र निवडा.

५. ‘ओके’ केल्यावर हा लाँचर मेन्यूतही घालायचा का, असं विचारलं जाईल. हो म्हणा. डेस्कटॉपवरची खूण चुकून पुसली गेली तरी मेन्यूतली राहते.

ॲपइमेज असेल तर थोडं जपून

रस्टडेस्क ॲपइमेज म्हणूनही मिळतं. ती एकच फाइल असते, मेन्यूत आपोआप येत नाही, आणि नेमकी डाउनलोड्समध्ये पडून राहते. कोणीतरी तो फोल्डर साफ करतं आणि शॉर्टकट मुका होतो. तेव्हा होम फोल्डरमध्ये वेगळा फोल्डर करून फाइल तिथे हलवा. फाइलच्या नावातून आवृत्तीचा क्रमांक काढून टाका. उद्या नवी आवृत्ती आली की ती त्याच नावाने तिथे ठेवायची, शॉर्टकटला हात लावावा लागत नाही. मग उजवं क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘परमिशन्स’, आणि फाइल प्रोग्राम म्हणून चालवायची परवानगी द्या. लाँचर करताना ‘ब्राउज’ दाबून ही फाइल निवडा. फाइलचा रस्ता हाताने लिहिलात तर तो मुळापासून, म्हणजे सुरुवातीच्या तिरप्या रेघेपासून पूर्ण लिहा, कारण होम फोल्डरसाठी टर्मिनलमध्ये चालणारं नागमोडी चिन्ह लाँचरमध्ये बहुतेकदा चालत नाही.

माउसच हलत नसेल तर

त्या वेळेसाठी कळांचा शॉर्टकट आधीच करून ठेवा. सिस्टिम सेटिंग्ज, कीबोर्ड, शॉर्टकट्स, कस्टम शॉर्टकट्स या वाटेने जा. नवा शॉर्टकट जोडा, तीच आज्ञा द्या, मग खालच्या ‘अनअसाइन्ड’वर दोनदा क्लिक करून कळा दाबा. कंट्रोल, ऑल्ट आणि एच बरं पडतं. कंट्रोल-ऑल्टसोबत एफच्या कळा मात्र घेऊ नका. त्यांनी पडदा काळ्या कन्सोलवर जातो आणि घरचे घाबरतात.

उबुंटूवर

उबुंटूमध्ये सगळ्यात सोपं म्हणजे डावीकडची डॉक पट्टी. ॲप्सच्या यादीत रस्टडेस्कवर उजवं क्लिक करून ‘पिन टू डॅश’ करा आणि ती खूण ओढून सर्वांत वर न्या. आता सुपर (विंडोजची खूण असलेली कळ) आणि १ दाबलं की ते उघडतं, वेगळा शॉर्टकट नकोच. उबुंटूचा पडदा सहसा वेलँड या नव्या पद्धतीवर चालतो, तिथे स्क्रीन दाखवण्याची परवानगी त्या संगणकासमोर बसलेल्याने द्यावी लागते. ते जमत नसेल तर २५.०४ पर्यंतच्या आवृत्त्यांत लॉगिनच्या वेळी कोपऱ्यातल्या चाकावरून ‘उबुंटू ऑन एक्सऑर्ग’ निवडता येतं.

मदत करणाऱ्याच्या बाजूला

तुमच्या संगणकावरही लाँचर करा, प्रत्येकासाठी वेगळा: ‘आई’, ‘काका’, ‘वाचनालय’. रस्टडेस्कच्या आज्ञेनंतर जागा सोडून दोन आडव्या रेघा, लगेच इंग्रजीत ‘कनेक्ट’ हा शब्द, आणि मग जागा सोडून समोरच्याच्या रस्टडेस्कमध्ये दिसणारा आयडी लिहिला की थेट त्याच्याशी जोडणी सुरू होते. पासवर्ड मात्र आज्ञेत लिहू नका. लाँचर ही साधी मजकुराची फाइल असते, कोणीही उघडून वाचू शकतं.

आणि ज्यांच्या घरी ही खूण ठेवली, त्यांना एक गोष्ट निक्षून सांगा: फोन आपण केला असेल आणि पलीकडचा आवाज ओळखीचा असेल तरच रस्टडेस्कमध्ये दिसणारा आयडी आणि पासवर्ड सांगायचा. बँकेतून, वीज कंपनीतून, पोलिसांतून बोलतोय म्हणणाऱ्याला नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशाच फसवणुकीबद्दल सावध केलं होतं, ज्यात लोकांना एनीडेस्क बसवायला सांगून यूपीआयमधून पैसे काढले जात. सॉफ्टवेअरचा त्यात दोष नव्हता, दरवाजा कोणाला उघडून दिला एवढाच प्रश्न होता. तसं काही झालंच तर आधी इंटरनेट तोडायचं, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा. हा क्रमांक कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मॉनिटरला चिकटवून ठेवा.