रोम बघायला जाताय? मग कलोसियमपासून सुरुवात करा आणि बाटली सोबत ठेवा

रोमला जाणार असाल तर कलोसियमचं तिकीट आधीच ऑनलाईन काढून ठेवा, तिकिटावर नाव असतं त्यामुळे पासपोर्ट जवळ पाहिजेच, आणि त्याच तिकिटात फोरम, म्हणजे जुन्या रोमचा मुख्य चौक, आणि त्याच्या शेजारची पॅलाटाईन टेकडी पण येते हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, ते कलोसियम बघून थेट जेवायला निघून जातात. प्लीज असं करू नका, टेकडीवरून खाली फोरमचे ते मोडके खांब दिसतात ना, तिथे नुसतं दहा मिनिटं बसलात तरी चालेल.

पँथिऑन, म्हणजे ते मोठ्या घुमटाचं जुनं रोमन देऊळ, तिथे 2023 पासून तिकीट आहे. आत गेल्यावर आधी वर बघा, घुमटाचा व्यास 43 मीटरच्या वर आणि जमिनीपासून उंची पण तेवढीच, जवळजवळ 1900 वर्षं झाली, आत लोखंडी सळया नाहीत तरी उभा आहे! मधलं भोक उघडंच आहे, पाऊस आला की पाणी सरळ आत पडतं, म्हणून खाली फरशीला बारीक भोकं ठेवलीत, ती नक्की शोधा. मला तर घुमटापेक्षा तीच जास्त आवडली.

चर्चमध्ये जायचं तर खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पर्समध्ये एक ओढणी टाका, काम होतं.

आणि पाणी विकत घेऊ नका हो, रस्त्यावर जागोजागी लोखंडी नळ आहेत, पाणी पिण्याचं आणि गारेगार. नळाचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून धार उडते, तिथूनच प्यायचं.