संगीतकार माहलरच्या नाइन्थ (नवव्या) सिम्फनीचा शेवटचा अडाजिओ, म्हणजे संथ भाग, ऐकताय? मग या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक व्हॉल्यूमची. सुरुवातीला व्हायोलिन्स एकदम खणखणीत येतात, मग बाकीची तंतुवाद्यं भरदार घुसतात, आपण आवाज कमी करतो आणि शेवटच्या पानावर काही ऐकूच येत नाही, बऱ्याच जणांना वाटतं ट्रॅक संपला. संपलेला नसतो, तिथे नुसती तंतुवाद्यं उरलेली असतात आणि व्हायोला (व्हायोलिनची जरा मोठी, खालच्या आवाजाची बहीण) अजून हळूच काहीतरी म्हणत असतात. त्यामुळे आधी शेवटची दोन-तीन मिनिटं लावून बघा, तिथे व्हायोला ऐकू येतील एवढा आवाज ठेवा आणि मगच पहिल्यापासून सुरू करा. फॅन बंद, हेडफोन चांगला, आणि लॅपटॉपमध्ये आवाज सारखा करणारं सेटिंग ऑन असेल तर ते पण बंद, कारण ते हळू-मोठं सगळं एकाच पातळीवर आणून ठेवतं. ऑटोप्लेचं तर सांगायलाच नको.

मध्ये एका ठिकाणी खालच्या सुरात कॉन्ट्राबसून (खर्जातलं फुंकवाद्य) नि चेलो (मोठं तंतुवाद्य), एकदम वरच्या सुरात व्हायोलिन, आणि मधला भाग जवळजवळ रिकामा. हेडफोन बिघडलाय असं वाटेल, पण नाही, ते तसंच लिहिलंय.

डायरेक्ट शेवटच्या मूव्हमेंटवर (म्हणजे सिम्फनीच्या शेवटच्या भागावर, याच अडाजिओवर) उडी मारणं हाही घोटाळाच. पूर्ण सिम्फनी साधारण सव्वा ते दीड तासाची आहे, मान्य, पण निदान तिसरी मूव्हमेंट तरी ऐकाच. त्या सगळ्या गोंधळात मध्येच ट्रम्पेट मुरकीसारखी एक छोटी जागा घेतो, नंतर क्लॅरिनेट तिची चक्क टिंगल करतो, आणि अडाजिओ बराचसा ट्रम्पेटच्या त्याच सुरावटीवर उभा आहे. टिंगल ऐकलेली नसेल तर अर्धी गंमत गेली!

रेकॉर्डिंग एकच ऐकून मत बनवू नका. कंडक्टर ब्रूनो वॉल्टरचं 1938 चं व्हिएन्नातलं लाइव्ह, त्यात अडाजिओ 18 मिनिटांच्या आसपास संपतो, दुसरा कंडक्टर बर्नस्टाइन अ‍ॅमस्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाऊ ऑर्केस्ट्रासोबत जवळपास अर्धा तास घेतो. मला वॉल्टरचा जास्त पटतो, जुन्या रेकॉर्डिंगची खरखर असली तरी.

आणि माहलरने हे 'मरताना लिहिलं' असं म्हणतात ना, ते प्रकरण जरा बाजूला ठेवा. त्याची मुलगी 1907 मध्ये वारली, त्याच वर्षी हृदयाचं दुखणं कळलं, हे खरं. पण नाइन्थवर मुख्य काम झालं 1909 च्या उन्हाळ्यात, त्यानंतर हा माणूस न्यूयॉर्कला फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राचा सीझन कंडक्ट करायला गेला आणि 1910 च्या उन्हाळ्यात दहावी सिम्फनी लिहायला बसला.