बिअरमध्ये यीस्ट पुरेसं पडलं का, हे कसं ओळखावं

दह्याला विरजण कमी पडलं तर सकाळी भांडं उघडताच कळतं. बिअरचं तसं नाही. यीस्ट कमी पडलेली, आंबायला ठेवलेली बादली दोन दिवस गप्प राहते, आणि भरपूर यीस्ट पडलेली बादलीही कधी कधी बाहेरून तितकीच गप्प दिसते.

शिकागोच्या आमच्या तळघरात एका नोव्हेंबरात मी १९ लिटर पेल एल, म्हणजे फिकट रंगाची बिअर, लावली होती. छत्तीस तास झाले तरी एअरलॉकमध्ये, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या झाकणावरच्या पाण्याच्या झडपेत, एक बुडबुडा नाही. घाबरून यीस्टचं दुसरं पाकीट फोडलं, झाकण उघडलं, तर आत चार बोटं जाड फेस! झाकणाची रबरी कड नीट बसली नव्हती आणि सगळा वायू तिथून निघून जात होता. तेव्हापासून मी बुडबुडे मोजायचं सोडून दिलं.

(अमेरिकेत घरी बिअर करण्याची वाट १९७८ च्या संघीय कायद्याने मोकळी झाली आणि २०१३ पासून सर्व राज्यांत तिला परवानगी आहे. महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. त्यामुळे हा लेख जिथे मुभा आहे तिथे राहणाऱ्यांसाठी.)

आधी हिशोब

निम्मं उत्तर यीस्ट घालण्यापूर्वीच मिळतं. एल प्रकारच्या, म्हणजे उबेत आंबणाऱ्या, बिअरसाठी रूढ प्रमाण असं: वर्टच्या, म्हणजे माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या जवाच्या) गोड काढ्याच्या, दर मिलिलिटरला आणि दर प्लेटो अंशाला (काढ्यातल्या साखरेचं माप) साडेसात लाख जिवंत पेशी. लागरला दुप्पट, कारण ती थंडीत आंबते. प्लेटो काढायला हायड्रोमीटरवरच्या, म्हणजे द्रवाची घनता दाखवणाऱ्या तरंगत्या नळीवरच्या, आकड्याचे शेवटचे दोन अंक घ्या आणि चाराने भागा. १.०४८ म्हणजे साधारण १२. मग १९ लिटरसाठी १९,००० × १२ × साडेसात लाख, म्हणजे जवळजवळ सतरा हजार कोटी पेशी.

द्रव यीस्टच्या नेहमीच्या पाकिटात ताजं असताना सुमारे दहा हजार कोटी पेशी असतात, आणि फ्रिजमध्ये ठेवूनही त्या दर महिन्याला मरत जातात. तीन महिने जुनं एकच पाकीट घातलं असेल, तर यीस्ट कमीच पडलं असं समजून चाला. असं पाकीट आधी माल्टच्या पातळ पाण्यात एक-दोन दिवस वाढवून घ्यावं लागतं.

कोरड्या यीस्टचं सोपं आहे, वजन करायचं. सॅफेल यूएस-०५ साठी उत्पादकाने १०० लिटरला ५० ते ८० ग्रॅम प्रमाण दिलं आहे. १९ लिटरला ते साडेनऊ ते पंधरा ग्रॅम होतं, म्हणजे साडेअकरा ग्रॅमचं एक पाकीट पुरतं. लागरच्या कोरड्या यीस्टला मात्र तेवढ्याच वर्टसाठी दोन पाकिटं लागतात. एकच घातलं असेल तर दुसरं आजच घाला, कारण यीस्टची वाढ मुख्यतः सुरुवातीलाच होते.

मग घड्याळ आणि थर्मामीटर

एलमध्ये सहा ते चोवीस तासांत फेस धरायला हवा. लागरला थोडी जास्त मुभा द्या. चोवीस तासांनी काहीच दिसत नसेल तर आधी बादलीचं तापमान बघा. आपल्याकडे थंडीत विरजणाचं भांडं कणगीत किंवा गोधडीत गुंडाळून ठेवतात ते उगाच नाही. बहुतेक एल यीस्टना १८ ते २२ अंश सेल्सिअस मानवतं. १४ अंशांच्या तळघरात भरपूर यीस्टही सुस्तावतं, आणि त्याचं खापर आपण प्रमाणावर फोडतो. बादली उबदार खोलीत आणा, बारा तास थांबा. ४८ तासांनीही फेस नाही आणि हायड्रोमीटरचा आकडा पहिल्या दिवशी होता तिथेच आहे, तर निःशंकपणे नवीन यीस्ट घाला.

आकडा घेताना हायड्रोमीटर बोटांनी हलकेच फिरवा. त्याला चिकटलेले बुडबुडे त्याला वर उचलतात आणि आकडा जास्त दिसतो. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून जाणाऱ्या प्रकाशावरून साखर मोजणारं उपकरण) वापरत असाल तर अल्कोहोल तयार झाल्यावर तो थेट खरा आकडा देत नाही, दुरुस्ती करावी लागते.

खरी परीक्षा: बाटलीतला नमुना

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. बिअर १.०४८ ला सुरू झाली, १.०१० पर्यंत उतरायला हवी होती, पण तीन दिवस १.०२० ला अडून बसली आहे. यीस्ट कमी पडलं, की वर्टमध्ये आंबण्याजोगी साखरच उरली नाही? चव घेऊन हे कळत नाही. हिरव्या सफरचंदाचा किंवा लोण्याचा वास कमी यीस्टने येतो हे खरं, पण तो इतर कारणांनीही येतो.

त्यासाठी निर्जंतुक केलेल्या बाटलीत पाव लिटर बिअर काढा. तिच्यात अर्धा चमचा ताजं कोरडं यीस्ट घाला, तोंड सैल झाका आणि २५ अंशांच्या आसपास ठेवा. येता-जाता हलवत राहा. दोन-तीन दिवसांनी ग्रॅव्हिटी, म्हणजे हायड्रोमीटरचा आकडा, मोजा. नमुना १.०१० ला आला आणि बादली १.०२० लाच असेल, तर बादलीतलं यीस्ट कमी किंवा दमलेलं आहे. नमुनाही १.०२० लाच थांबला, तर यीस्टचा दोष नाही. मॅश, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवून साखर काढण्याची पायरी, फार गरम, सत्तर अंशांच्या आसपास झाला असेल, किंवा क्रिस्टल माल्ट (पूर्ण न आंबणारं, भाजलेलं गोडसर माल्ट) जास्त पडलं असेल. मग कितीही पाकिटं ओतलीत तरी आकडा हलणार नाही. नमुन्याची बिअर परत बादलीत घालू नका.

यीस्टच कमी निघालं तर बादली २१-२२ अंशांवर न्या आणि हळूच गोल फिरवून तळाचा साका उठवा. हवा आत मिसळू देऊ नका, सुरुवातीला यीस्टला प्राणवायू हवा असतो, आता तो बिअर बिघडवतो. तेवढ्याने भागलं नाही तर नवीन यीस्ट घाला, पण कोरडं भुरभुरवू नका. अल्कोहोल भरलेल्या, साखर संपत आलेल्या बिअरमध्ये ते जेमतेम तग धरतं. वेगळ्या भांड्यात माल्टच्या पाण्यात ते फसफसू द्या आणि पूर्ण जोरात असताना ओता.

आकडा अडलेला असताना बाटल्या मात्र कधीही भरू नका. बाटलीत थोडी साखर आपण मुद्दाम घालतोच. त्यात आधीची साखर उरली असेल आणि यीस्ट पुन्हा जागं झालं, तर दाबाने काच फुटते आणि तुकडे खोलीभर उडतात. दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजून आकडा तोच आला, आणि तो नमुन्याच्या आकड्याशी जुळला, तरच भरा.