नव्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकायचीय? मग आधी हे बघा

दुकानात "१ टीबी" लिहिलेलं बघून लॅपटॉप घेतला आणि घरी आणल्यावर साधं क्रोम उघडायलाही तो विचार करत बसतो, आपल्याकडे जळगाव-धुळ्याला कॉलेजात जाणाऱ्या बऱ्याच पोरांचं हेच रडगाणं. प्रोसेसर बरा असतो, रॅम ८ जीबी असते, पण आत ५४०० आरपीएमची (मिनिटाला ५४०० फेरे मारणारी) फिरती डिस्क, आणि टास्क मॅनेजर उघडला की डिस्कचा आकडा १०० टक्क्यांना चिकटलेला. ती काढून एसएसडी, म्हणजे काहीच न फिरणारी, चिपवर डेटा ठेवणारी वेगवान डिस्क, टाकायचं काम घरच्या घरी होतं भो, फक्त स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायच्या आधीची कामं जास्त महत्त्वाची आणि लोक नेमकी तीच गाळतात.

पहिलं म्हणजे आपल्या लॅपटॉपला कोणती एसएसडी बसते ते बघा. मॉडेल नंबर टाकून सर्व्हिस मॅन्युअल शोधा, मोठ्या कंपन्यांचं पीडीएफ फुकट मिळतं. एम डॉट टू स्लॉट (च्युइंगमच्या पट्टीसारखी एसएसडी बसते ती खाच) रिकामा असेल तर तुमची चांदी, एनव्हीएमई (या पट्टीतली वेगवान जात) घ्या, साइज बहुतेक ठिकाणी २२८० (२२ मिमी रुंद, ८० मिमी लांब) लागते पण मॅन्युअलमध्ये बघूनच. काही स्लॉट फक्त साटावाले (जुन्या, हळू जोडणीचे) असतात, त्यात एनव्हीएमई बसली तरी चालत नाही. स्लॉटच नसेल तर अडीच इंची साटा एसएसडी, ती जुन्या डिस्कच्याच जागी बसते. तिचा स्पीड सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबतो, चांगली एनव्हीएमई ३००० च्या पुढे जाते, पण रोजच्या वापरात खरा फरक फिरती डिस्क गेल्याचा पडतो, त्यामुळे साटावर समाधान मानायला हरकत नाही. जळगावच्या गोलाणी मार्केटला घ्यायला गेलात तर एम डॉट टूचा बारका स्क्रू आठवणीने मागा, एसएसडीच्या डब्यात तो बऱ्याचदा नसतो.

आता क्लोन (जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल) की फ्रेश (विंडोज नव्याने टाकणं)? लॅपटॉप नवा आहे, आत आहेच काय, फ्रेशच टाका. १ टीबीवरून ५१२ जीबीवर क्लोन करायला आधी पार्टिशन (डिस्कचे पाडलेले भाग) बारीक करत बसावं लागतं, नसता ताप. विंडोजची की (लायसन्स नंबर) बायोसमध्येच, म्हणजे बोर्डावरच्या चिपमध्ये असते, तीच एडिशन (होम असेल तर होम) टाकली की नेट लागल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होतं. लॅपटॉपसोबत ऑफिस आलं असेल तर ते जुन्या डिस्कवर एकदा उघडून आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडून घ्या, हे नंतर नाही, आधी. डिव्हाइस एन्क्रिप्शन (विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर बंद करा, नाहीतर निदान रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, कारण ती नसेल तर जुन्या डिस्कवरचे फोटो बाहेरून जोडून उघडणार नाहीत. मग ८ जीबीचा पेनड्राइव्ह, त्यावर मीडिया क्रिएशन टूलने विंडोज ११, आणि त्याच पेनड्राइव्हवर कंपनीच्या साइटवरून वायफायचा आणि इंटेल असेल तर रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर, झिप असेल तर सोडवून. इन्स्टॉल करताना एसएसडीच दिसत नाही म्हणून लोक ती खराब समजून दुकानात परत नेतात, आणि बऱ्याचदा कमी असतो तो हाच रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर.

उघडायचं काम सकाळी करा, मे महिन्यात भर दुपारी ४४-४५ डिग्रीत घामाचा थेंब थेट बोर्डावर पडतो. एखाद्या स्क्रूवर वॉरंटीचं स्टिकर असेल तर आधी कस्टमर केअरला विचारा. लॅपटॉप पूर्ण शटडाऊन, चार्जर काढलेला. सगळे स्क्रू सारखे नसतात, बऱ्याचदा मागचे लांब, पुढचे आखूड, म्हणून कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढा आणि जिथला स्क्रू तिथेच सेलोटेपने चिकटवा, लांब स्क्रू चुकीच्या जागी पिळला तर वरच्या बाजूने टेंगूळ येतं. कव्हर निघत नसेल तर जोर लावू नका, रबरी पट्टीखाली एखादा स्क्रू लपलेला असतो. जुनं सिमकार्ड फटीत सरकवत गेलं की टकटक करत क्लिपा सुटतात. आत गेल्यावर आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा, मग बाकी कशाला हात लावायचा.

एम डॉट टू एसएसडी तिरकी धरून आत सरकवा, सोडली की तोंड वर करून उभी राहते, ते बरोबरच आहे, दाबून स्क्रू लावा. साटावाली असेल तर जुनी डिस्क फ्रेमसकट निघते, तीच फ्रेम नव्या एसएसडीला, आणि पट्टीची केबल ओढू नका, लॉक उचलून काढा. दोन्ही ठेवणार असाल तरी इन्स्टॉल होईपर्यंत जुनी डिस्क काढूनच ठेवा, नाहीतर बूटच्या (विंडोज चालू करणाऱ्या) फाइली तिच्यावरच राहू शकतात आणि पुढे ती काढली की विंडोज चालूच होत नाही.

सगळं जोडून, चार्जर लावून पेनड्राइव्हवरून बूट करा, बॅटरी आधीच फुल असू द्या, लाइटचा काय भरवसा. वायफाय दिसलं नाही तर मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा.

जुनी डिस्क लगेच फॉरमॅट मारू नका. यूएसबी केसिंगमध्ये टाकून बॅकअपला वापरा, पण वॉरंटी संपेपर्यंत विकू मात्र नका, सर्व्हिस सेंटरला लॅपटॉप द्यायची वेळ आली तर ओरिजिनल डिस्क लावून देता येते आणि आपला डेटाही घरीच राहतो.