पिकअप ट्रकमध्ये पॉवर्ड सबवूफरचे वायरिंग कसे करावे

अ‍ॅम्प्लिफायर आतच बसवलेला सबवूफर (बास, म्हणजे खालचे सूर वाजवणारा स्पीकर) हा पिकअपच्या केबिनसाठी सर्वांत सोयीचा पर्याय असतो, कारण वेगळी पेटी, वेगळा अ‍ॅम्प्लिफायर आणि त्या दोघांमधल्या तारा यांना पुरेल एवढी जागा तिथे क्वचितच मिळते. जोडणीही मोजकीच असते: बॅटरीकडून येणारी पॉझिटिव्ह तार, बॉडीच्या पत्र्याला जोडायची अर्थची (निगेटिव्ह) तार, सबवूफर चालू-बंद करणारी बारीक रिमोट तार आणि आवाजाचा सिग्नल. यांतल्या पहिल्या दोन तारा पक्क्या झाल्या तर पुढचे काम सरळ होते. त्या कच्च्या राहिल्या तर चांगल्यात चांगला सबवूफरही दबका वाजतो, मध्येच बंद पडतो, आणि सर्वांत वाईट म्हणजे तार तापून आग लागण्याचा धोका उरतो. म्हणून या लेखात त्या दोन तारांवर अधिक भर दिला आहे.

जागा कोणती निवडावी

मागच्या सीटखाली किंवा सीटच्या पाठीमागे, या दोनच जागा व्यवहार्य आहेत. मागच्या हौद्यात सबवूफर ठेवण्याचा विचार करू नये. पाणी, धूळ आणि धक्के यांपुढे तो टिकत नाही आणि त्याचा आवाजही केबिनपर्यंत नीट पोहोचत नाही. सीटखालची उंची मोजताना माणूस बसल्यावर गादी किती दबते हे लक्षात घ्यावे. जॅक आणि पाने बहुधा तिथेच ठेवलेले असतात, तेव्हा सबवूफर न काढता ते हाताशी येतील याची खात्री करावी. केबिनच्या मागच्या भिंतीला हवा बाहेर जाण्यासाठी झडपा असतील तर त्या झाकू नयेत.

सबवूफर फरशीला स्क्रूने आवळायचा असेल तर ड्रिल लावण्याआधी गाडीखाली वाकून टॉर्चच्या उजेडात पाहावे. इंधनाच्या आणि ब्रेकच्या नळ्या पुष्कळदा नेमक्या त्याच पत्र्याखालून गेलेल्या असतात.

काम सुरू करण्यापूर्वी

बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल आधी सोडवावे. उलट क्रमाने काम करताना पॉझिटिव्हच्या नटावर असलेला पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट सर्किट होते; निगेटिव्ह आधी सुटलेले असेल तर हा धोका राहत नाही. काही डिझेल पिकअपमध्ये समांतर जोडलेल्या दोन बॅटऱ्या असतात; तिथे दोन्हींची निगेटिव्ह टर्मिनले सोडवावी लागतात. काही म्युझिक सिस्टीम वीज तुटल्यावर सांकेतिक क्रमांक मागतात, तो आधीच शोधून ठेवावा. सीट काढावी लागणार असेल तर तिच्याखालच्या पिवळ्या कनेक्टरांना मोठा मान द्यावा: ते बहुतेक वेळा एअरबॅगचे असतात. बॅटरी सोडवल्यानंतर काही मिनिटे थांबूनच त्यांना हात लावावा आणि ते सुटलेले असताना इग्निशन चालू करू नये.

पॉझिटिव्ह तार आणि फ्यूज

तारेची जाडी खोक्यावरच्या मोठ्या ‘पीक’ (क्षणिक) आकड्यावरून ठरवू नये, आरएमएस वॅटवरून, म्हणजे सलग देता येणाऱ्या शक्तीवरून ठरवावी. समजा सबवूफर १५० वॅट आरएमएसचा आहे आणि त्याचा अ‍ॅम्प्लिफायर क्लास डी प्रकारचा, म्हणजे साधारण ८० टक्के कार्यक्षम आहे. तो पूर्ण आवाजात सुमारे १९० वॅट खेचतो आणि इंजिन चालू असतानाच्या साडेतेरा-चौदा व्होल्टला हा प्रवाह १४ अँपिअरच्या आसपास येतो. आता थोडी सूट ठेवून २० अँपिअर धरून हिशोब पाहू. बॅटरीपासून सीटपर्यंत ५ मीटर लांबीची आणि २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार टाकली तर एकट्या त्या तारेत सुमारे ०.७ व्होल्ट खर्ची पडतात. १० चौरस मिलिमीटरच्या तारेत हीच घट ०.२ व्होल्टच्या आत राहते. तयार वायरिंग किटमधली ८ गेजची तार साधारण ८.४ चौरस मिलिमीटरची असते आणि या आकाराच्या सबवूफरला ती पुरते. मात्र ती पूर्ण तांब्याची आहे ना, हे पाहून घ्यावे. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार दिसायला तशीच असते, पण त्याच जाडीला ती जास्त रोध करते आणि जोडाच्या ठिकाणी लवकर खराब होते.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून ४५ सेंटिमीटरच्या आत, जितका जवळ बसेल तितका जवळ लावावा. सबवूफरला स्वतःचा फ्यूज असतोच, मग हा दुसरा कशाला, असा प्रश्न अनेकांना पडतो. सबवूफरवरचा फ्यूज त्याच्या आतल्या बिघाडासाठी असतो. बॅटरीजवळचा फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो. वाटेत कुठे धारदार पत्र्याला घासून तारेचे आवरण फाटले, तर बॅटरी त्या जागी शेकडो अँपिअर ओतू शकते, आणि तो प्रवाह तोडणारे दुसरे काहीच तिथे नसते. फ्यूजचे मूल्य सबवूफरच्या माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे घ्यावे आणि ते तारेच्या क्षमतेहून कधीही जास्त असू नये. सगळी जोडणी पूर्ण होईपर्यंत फ्यूज होल्डर रिकामाच ठेवावा.

तार इंजिनकडून केबिनमध्ये नेण्यासाठी मधल्या भिंतीत आधीच असलेले रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसवलेले कडे) शोधावे. नवे भोक पाडावेच लागले तर त्याच्या कडा घासून गुळगुळीत कराव्यात आणि योग्य मापाचे ग्रोमेट बसवल्याशिवाय तार आत ओढू नये. बॉनेटखाली तारेवर नालीदार नळी चढवून ती एक्झॉस्ट, पट्टे आणि स्टिअरिंगचा दांडा यांपासून दूर बांधावी. केबिनमध्ये दाराच्या उंबऱ्याच्या पट्टीखालून ती सहज मागे जाते.

अर्थ: इथेच खरी परीक्षा

पिकअपची बॉडी बहुधा चासीवर रबरी आधारांवर बसवलेली असते. म्हणजेच केबिनचा पत्रा आणि बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल यांच्यातला विजेचा मार्ग त्या आधारांतून जात नाही, तर कंपनीने दिलेल्या अर्थच्या पट्ट्यांतून जातो. त्या पट्ट्या गंजलेल्या किंवा ढिल्या असतील तर केबिनमध्ये कितीही चांगला अर्थ घेतला तरी तो अपुरा पडतो. त्या आधी स्वच्छ करून आवळून घ्याव्यात.

सबवूफरची अर्थची तार पॉझिटिव्ह तारेइतकीच जाड आणि शक्यतो अर्ध्या मीटरहून आखूड असावी. जाड पत्र्याची जागा निवडून तिथला रंग पॉलिश पेपरने नाण्याएवढ्या वर्तुळात पूर्ण काढावा, इतका की धातू चकाकताना दिसला पाहिजे. तारेला दाबून बसवलेला (क्रिंप केलेला) लग, म्हणजे भोक असलेले धातूचे टोक, त्याखाली दातेरी वॉशर आणि वर बोल्ट, असा जोड पक्का आवळावा, मगच गंज रोखण्यासाठी त्यावर रंगाचा हात द्यावा. सीटबेल्टच्या बोल्टला अर्थ जोडू नये. तो बोल्ट जीव वाचवण्यासाठी आहे आणि त्याची घट्ट बसण्याची रीत बदलता कामा नये.

रिमोट आणि सिग्नल

बाहेरून बसवलेल्या म्युझिक सिस्टीमला रिमोटसाठी बहुतेक वेळा पांढरी रेघ असलेली निळी तार असते. ती सबवूफरच्या रिमोटला जोडावी. कंपनीच्या सिस्टीममध्ये ती मिळाली नाही तर केवळ चावी फिरवल्यावरच वीज येणारा फ्यूज मल्टिमीटरने शोधून तिथून फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून जादा तार देणारा जोड) घ्यावा. कायम वीज असलेल्या तारेला रिमोट जोडला तर सबवूफर कधीच बंद होत नाही आणि बॅटरी उतरते.

सिस्टीमला आरसीए आउटपुट (अ‍ॅम्प्लिफायरसाठी सिग्नल देणारी गोल सॉकेट) असेल तर त्याची केबल पॉझिटिव्ह तारेच्या विरुद्ध बाजूने न्यावी. ते नसेल तर मागच्या स्पीकरच्या तारांवरून हाय लेव्हल (स्पीकरसाठी आधीच वाढवलेला) सिग्नल घ्यावा. बाजारातल्या सिस्टीमच्या प्रचलित रंगसंगतीत मागचा डावा स्पीकर हिरवा आणि उजवा जांभळा असतो, आणि काळी रेघ असलेली तार निगेटिव्ह समजावी. कंपनीच्या गाडीत रंग वेगळे असतात. तिथे सिस्टीमचा कनेक्टर काढून एका स्पीकरच्या दोन तारांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. स्पीकरचा पडदा बाहेर उसळला तर सेलचे पॉझिटिव्ह टोक ज्या तारेला लागले ती पॉझिटिव्ह. स्पीकरची निगेटिव्ह तार बॉडीला मात्र चुकूनही जोडू नये, कारण आजच्या सिस्टीममध्ये स्पीकरच्या दोन्ही तारांवर बॅटरीच्या सुमारे निम्मा व्होल्टेज असतो आणि ती अर्थ झाली तर आतली चिप जाऊ शकते.

चालू करणे आणि जुळवणे

बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल जोडून शेवटी फ्यूज बसवावा. त्या वेळी उडणारी बारीक ठिणगी आतल्या कपॅसिटरमुळे असते. गेन किमान, बास बूस्ट शून्य आणि लो-पास (ठरवलेल्या मर्यादेवरचे सूर अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झच्या आसपास ठेवावा. सिस्टीमचा आवाज पाऊण मर्यादेपर्यंत नेऊन गेन हळूहळू वाढवावा आणि बास फाटू लागताच थोडा मागे घ्यावा. गेन हा आवाजाचा खटका नाही. तो फक्त येणाऱ्या सिग्नलशी सबवूफर जुळवतो. फेजचा (पडद्याच्या हालचालीची दिशा उलटवणारा) खटका ० आणि १८० अंशांवर आलटून पालटून पाहावा व चालकाच्या जागेवर ज्या स्थितीत बास भरीव लागतो तीच ठेवावी.

जोरदार बास वाजत असताना मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला आणि दुसरी सबवूफरच्या अर्थच्या टर्मिनलला लावावी. आकडा ०.१ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ उत्तम. तो बराच जास्त असेल तर पुन्हा बॉडीच्या अर्थच्या पट्ट्या आणि पत्र्यावरचा जोड तपासावा. इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शीळ ऐकू आली तरी संशय आधी अर्थवरच घ्यावा आणि आरसीए केबल नंतर पाहावी. काही आठवडे गाडी चालवल्यानंतर सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत, आणि दीर्घ वेळ संगीत वाजवल्यावर फ्यूज होल्डरला हात लावून पाहावा: तो तापत असेल तर त्यातला जोड ढिला आहे.