एए मिटिंग शोधायची कशी, आणि दारातून आत जायचं कसं

"मनावर घेतलं की दारू सुटते" असं सांगणारे आपल्याकडे पानटपऱ्यांपेक्षा जास्त. त्यांना हात जोडा, आणि एए म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाची मिटिंग, ती गाठा. एसटी स्टँडच्या भिंतीवर 'न सांगता दारू सोडवा' अशी जाहिरात असते, तसली पूड मात्र घरच्यांनी चहात कालवू नये. दारू सोडवायच्या काही गोळ्या अशा आहेत की त्यांच्यावर दारू गेली तर छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, माणूस दगावूही शकतो. अशी गोळी डॉक्टरांनी, पिणाऱ्याला सांगूनच द्यायची.

रोज सकाळपासून लागत असेल तर एकदम बंद करू नका. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढच्या दोन-तीन दिवसांत भास होतात, माणूस बरळतो. आधी डॉक्टर गाठा. जळगाव किंवा धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात गेलात तर केसपेपर काढून मानसोपचार विभाग विचारायचा.

मिटिंग शोधणं सोपं आहे. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन 14446, फोन फुकट. त्याच विभागात विचारा, किंवा अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या भारतातल्या वेबसाइटवर शहर टाकून बघा. वार, वेळ आणि नेमकी खोली विचारून घ्या. मिटिंग शाळेच्या वर्गात नाही तर चर्चच्या हॉलमध्येही भरते. बाहेर मोठा फलक असेलच असं नाही. 'ओपन' असेल तर घरचं माणूसही येऊ शकतं, 'क्लोज्ड' फक्त पिणाऱ्यांसाठी. बायकोसाठी, आईवडिलांसाठी अल-अॅनॉन हा वेगळा गट असतो.

आता दार.

मी तीन शनिवार समोरच्या चहाच्या गाडीवर काढले. कटिंगवर कटिंग, नजर जिन्यावर. कोण वर जातंय ते मोजायचो, आणि शेवटचा माणूस गेला की "आता उशीर झाला" म्हणून घरी. घरी म्हणजे कुठे, ते समजलं असेलच. भीती एकच होती: कुणी ओळखीचं दिसलं तर? जळगाव असो की नंदुरबार, आपल्याकडे दोन वाक्यांत नातं निघतं. "तुम्ही एरंडोलचे? मग आमच्या मावशीच्या दिराचे..." झालं!

चौथ्या शनिवारी आत गेलो आणि ओळखीचा माणूस दिसलाच. कोण, ते सांगणार नाही. तिथला नियमच तो आहे, बघितलेलं आणि ऐकलेलं तिथेच ठेवायचं. पण पायरीवर जे मला कळत नव्हतं ते तेव्हा कळलं. तो तिथे लग्नाची पत्रिका वाटायला आला नव्हता. मी ज्यासाठी आलो होतो त्यासाठीच तोही आला होता, आणि मी दिसेन याची भीती त्यालाही कधीतरी वाटली असणार. तो एवढंच म्हणाला, "ये भो, बस."

तरीही धीर होत नसेल तर पहिल्यांदा दुसऱ्या गावची मिटिंग धरा. भुसावळच्या माणसाने जळगावला जावं, जळगावच्याने धुळ्याला. याला पळपुटेपणा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. मित्राला मात्र सोबत नेऊ नका. माझा मित्र खालीच थांबला, आणि दहा मिनिटांत आम्ही दोघं बारमध्ये होतो.

माझा खरा उपाय असा: वेळेवर जाऊ नका, वीस मिनिटं आधी जा. उशिरा गेलात तर सगळी डोकी दाराकडे वळतात. आधी गेलात तर एखादा माणूस सतरंजी झटकत असतो. तिचं दुसरं टोक धरा. हाताला काम मिळतं, थरथर लपते, आणि सतरंजी अंथरून होईपर्यंत तुम्ही आत आलेले असता. मी असाच गेलो.

पुढचं सोपं आहे. तासा-दीडतासाची मिटिंग. एकेक जण आपलं नाव सांगून आपली गोष्ट सांगतो, मध्ये कुणी बोलत नाही. तुम्ही नुसतं ऐकलंत तरी चालतं. फी नाही, आधार कार्ड नाही. वर्गणीची पिशवी फिरते, नव्या माणसाने पुढे सरकवावी. प्रार्थनेत 'ईश्वर' येतो. नास्तिक असाल तर तेवढा वेळ गप्प बसा, कुणी विचारत नाही. 1935 साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी सुरू केलेल्या या कामात सभासद व्हायची अट एकच, दारू सोडायची इच्छा.

एका मिटिंगवरून मत बनवू नका. मला पहिली कंटाळवाणी वाटली, दुसरी त्याहून. सहा तरी करा. 'नव्वद दिवसांत नव्वद मिटिंगा' हा सल्ला मोठ्या शहरांसाठी ठीक आहे. आपल्याकडे गट आठवड्यातून एक-दोनदा भरतो, मधल्या दिवसांना ऑनलाइन मिटिंग आणि फोन. निघताना दोघांचे तरी नंबर घ्या, आणि पिण्याआधी लावा. प्यायल्यावर फोन करून रडण्याचा उपयोग नसतो, मी करून पाहिलंय.

थंडीत शेतातली भरीत पार्टी आली की हे नंबर लागतात. पहिलं वर्ष जाऊच नका. नंतर जायचंच असेल तर स्वतःच्या गाडीवर जा, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायचं काम अंगावर घ्या, आणि बाटलीचं बूच फिरल्याचा आवाज आला की भाकरी-भरीत डब्यात घालून निघा.