पोर्टलँडच्या सुटीत डोनट आणि कॉफीची एक सकाळ कशी आखावी

अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील पोर्टलँड शहरात हाताने डोनट करणारी आणि स्वतः कॉफी भाजणारी लहान दुकाने गल्लोगल्ली आढळतात, आणि तिथे सुटीसाठी गेलेल्या माणसाने एक सबंध सकाळ त्यांच्यासाठी राखून ठेवावी असे मला मनापासून वाटते. शहराच्या पश्चिमेला असलेल्या हिल्सबरो आणि बीव्हर्टन या उपनगरांत इंटेलसारख्या कंपन्यांमुळे अनेक मराठी कुटुंबे स्थायिक झाली आहेत आणि उन्हाळ्यात त्यांच्याकडे आईवडील, सासूसासरे, भावंडे राहायला येतात. पाहुण्यांना मल्टनोमा धबधबा आणि गुलाबांची बाग आवर्जून दाखवली जाते. डोनट मात्र जाताजाता खोकाभर घेतले जातात आणि तीनचार तासांनी गाडीत, कागदी पेल्यातल्या गार कॉफीबरोबर संपवले जातात. असे केल्याने या पदार्थावर अन्याय होतो. चांगल्या डोनटचे आयुष्य मोजक्या तासांचे असते, म्हणून बाकीचा दिवस त्याच्या वेळेभोवती बसवावा.

दुकान निवडताना आपल्याला काय अनुभवायचे आहे हे आधी ठरवावे, कारण या शहरातील दुकानांचे स्वभाव एकमेकांपासून फार वेगळे आहेत. २००३ साली ओल्ड टाउन भागात सुरू झालेले वूडू डोनट सर्वांत प्रसिद्ध आहे. गुलाबी खोके, भडक रंग, डोनटवर पसरलेले न्याहारीचे सीरिअल आणि पोटात जॅम भरलेला बाहुलीच्या आकाराचा डोनट हे सगळे पाहण्यात मुलांना मोठी मौज वाटते, आणि घरात मुले असतील तर तिथे एकदा जायलाच हवे. २०१२ साली सुरू झालेल्या ब्लू स्टारचा डोनट ब्रिओश पद्धतीच्या, म्हणजे अंडी आणि लोणी भरपूर घातलेल्या पिठाचा असतो. त्याच्या चवी मोठ्यांच्या जिभेला धरून बेतलेल्या असतात आणि काहींत मद्यही असते. ईशान्य भागातील फ्रीमाँट रस्त्यावरचे पिप्स हे माझ्या मते मराठी पाहुण्यांसाठी सर्वांत योग्य ठिकाण आहे. तिथे तळहातावर दोनतीन मावतील असे चिमुकले डोनट मागणीनंतर तळले जातात, त्यांवर मध आणि समुद्री मीठ किंवा दालचिनी आणि साखर घातली जाते, आणि सोबत दुकानातच तयार केलेला मसाल्यांचा चहा मिळतो. तो आपल्या घरच्या चहापेक्षा गोड आणि मसाल्याला जड असतो, हे ज्येष्ठांना आधीच सांगून ठेवावे.

कुठेही जायचे असले तरी सकाळीच जावे. यीस्टचे पीठ आंबायला बराच वेळ लागतो, म्हणून अशा दुकानांत काम पहाटेच, कधी आदल्या रात्रीच सुरू होते आणि डोनटचे पहिले थाळे दार उघडण्याच्या सुमाराला मांडले जातात. माल संपला की त्या दिवशीचा तो प्रकार संपतो. शनिवारी आणि रविवारी नऊनंतर रांग वाढते, त्यामुळे शक्य असेल तर मंगळवार किंवा बुधवार निवडावा आणि निघण्यापूर्वी दुकानाच्या वेळा त्याच दिवशी पाहून घ्याव्यात. मुलगा-सून कामावर असले तरी पाहुण्यांना स्वतः जाता येते. हिल्सबरो आणि बीव्हर्टनहून मॅक्स रेल्वेची निळी गाडी शहराच्या मध्यभागी आणते, फ्रीमाँट रस्त्यावरून २४ क्रमांकाची बस जाते, आणि ६५ वर्षांच्या पुढील प्रवाशांना भाड्यात सवलत आहे. पत्ता वाचताना आकड्याइतकेच लक्ष त्यापुढील दिशेकडे द्यावे. विलॅमेट नदी शहराचे पूर्व आणि पश्चिम भाग करते, बर्नसाइड रस्ता उत्तर आणि दक्षिण वेगळे करतो, आणि एकाच क्रमांकाचा रस्ता नदीच्या दोन्ही बाजूंना असू शकतो; ‘ईशान्य’ आणि ‘वायव्य’ यांत गफलत झाली तर अर्धी सकाळ रस्त्यातच जाते.

रांगेत उभे असतानाच फलक वाचून काय घ्यायचे ते ठरवावे. काउंटरवर पोहोचल्यावर घरातल्या पाचजणांची चर्चा सुरू झाली, तर मागच्या लोकांचा खोळंबा होतो. मात्र एक प्रश्न न संकोचता विचारावा: आत्ता नुकतेच काय बाहेर आले आहे? हाताने काम करणाऱ्या दुकानातील माणसांना हा प्रश्न आवडतो, आणि त्यांनी दाखवलेला डोनट बहुधा त्या क्षणी दुकानातला सर्वांत उत्तम डोनट असतो. तो तुमच्या मनातल्या चवीचा नसला तरी घ्यावा.

अंडी न खाणाऱ्यांनी येथे विशेष काळजी घ्यायला हवी. अमेरिकेत एखादा पदार्थ शाकाहारी आहे असे सांगितले, तरी त्यात अंडे नाही असा अर्थ होत नाही. ब्रिओशमध्ये अंडे असतेच, आणि इतर बहुतेक डोनटांतही ते असते. म्हणून ‘हे शाकाहारी आहे का’ असे न विचारता ‘यात अंडे आहे का’ असे थेट विचारावे. व्हीगन म्हणून मांडलेल्या डोनटात अंडे आणि दूध दोन्ही नसते, त्यामुळे श्रावण पाळणाऱ्यांना आणि एरवीही अंडे वर्ज्य असणाऱ्यांना तोच भरवशाचा पर्याय ठरतो. वूडूमध्ये असे प्रकार मिळतात. तरीही तळण्याची कढई सगळ्यांसाठी एकच आहे का, आणि तळण वनस्पती तेलात होते की प्राण्यांच्या चरबीत, हे विचारून घ्यावे. मार्शमॅलोत सहसा जिलेटिन, म्हणजे प्राण्यांपासून काढलेला पदार्थ असतो. या भागात अतिशय लोकप्रिय असलेल्या मेपल बार या लांबट डोनटवर कधीकधी तांबूस, कुरकुरीत पट्ट्या ठेवलेल्या दिसतात. त्या बेकनच्या, म्हणजे डुकराच्या मांसाच्या असतात. हे सगळे विचारण्यात लाजण्यासारखे काही नाही. ॲलर्जी असणारे ग्राहक रोज असेच प्रश्न विचारतात आणि काउंटरवरच्या माणसांना त्यांची सवय असते.

आता निवडीविषयी, कारण माझ्या दृष्टीने हाच या सकाळचा गाभा आहे. पहिला डोनट नेहमी साधा घ्यावा. चॉकलेट, फळांचे मुरंबे, भाजलेले खोबरे यांखाली पिठातले दोष सहज झाकले जातात; पातळ ग्लेझ, म्हणजे साखरेचा लेप दिलेल्या साध्या डोनटला मात्र झाकायला काही नसते, आणि करणाऱ्याचा हात त्यातच कळतो. दोन मुख्य जाती ओळखून ठेवाव्यात. यीस्टचा डोनट फुगलेला, हलका आणि किंचित चिवट असतो. तो साधारण १८० ते १९० अंश सेल्सिअस तापलेल्या तेलात तरंगत तळला जातो, आणि एक बाजू झाली की उलटला जातो, त्यामुळे त्याचा मधला भाग तेलात पुरता बुडत नाही. डोनटच्या कमरेला फिकट रंगाचा स्वच्छ पट्टा दिसला, तर पीठ नीट फुगले होते आणि डोनट तेलावर हलकेपणाने तरंगला होता असे समजावे. पट्टा अगदीच अरुंद असेल किंवा दिसतच नसेल, तर आतला भाग घट्ट निघण्याची शक्यता असते. बोटाने हलके दाबल्यावर डोनट सावकाश पुन्हा वर यायला हवा, आणि खाल्ल्यावर बोटांना साखर लागावी, तेल लागू नये.

दुसरी जात केक डोनटची. त्यात यीस्टऐवजी बेकिंग पावडर असते, पोत भुसभुशीत असतो आणि पुष्कळदा जायफळाचा वास येतो, जो आपल्याला लगेच ओळखीचा वाटतो. याच जातीत ‘ओल्ड फॅशन्ड’ नावाचा डोनट आहे. तो जरा कमी तापलेल्या तेलात तळतात, त्यामुळे त्याला वरून भेगा पडतात, त्या भेगांच्या कडा कुरकुरीत होतात आणि ग्लेझ त्यांच्यात जाऊन बसते. बालुशाही आवडणाऱ्या माणसाने डोळे मिटून हा डोनट मागावा. साधा यीस्टचा एक आणि ओल्ड फॅशन्ड एक, असे दोन चाखून झाले की मग त्या दुकानाची खासियत असलेला तिसरा घ्यावा. त्याहून जास्त एका वेळी घेऊ नयेत, कारण चौथ्या डोनटपर्यंत जीभ गोडाने बधिर होते आणि चव वेगळी कळत नाही. चौघांत तीन डोनट वाटून घेणे हे मधुमेह असणाऱ्या ज्येष्ठांच्याही सोयीचे आहे. कापण्यासाठी दातेरी सुरी मागावी. साध्या सुरीखाली यीस्टचा डोनट चेपतो.

कॉफीकडे तितक्याच आदराने पाहावे. पोर्टलँडमधल्या कॉफीला आजचे वळण देण्यात स्टम्पटाउन या भाजणाऱ्या संस्थेचा मोठा वाटा आहे. ती १९९९ साली आग्नेय भागातील डिव्हिजन रस्त्यावर सुरू झाली, २०१५ साली पीट्स या मोठ्या कंपनीने विकत घेतली, आणि तिचे हेअर बेंडर नावाचे मिश्रण आजही अनेक ठिकाणी एस्प्रेसोसाठी, म्हणजे यंत्राने दाबाखाली काढलेल्या दाट कॉफीसाठी वापरले जाते. तिच्यानंतर कोआवा, हार्ट यांसारख्या अनेक लहान संस्था उभ्या राहिल्या. यांच्याकडील बिया पुष्कळदा हलक्या भाजलेल्या असतात. चिकोरी घातलेल्या, दाट दुधाच्या कॉफीवर वाढलेल्या आपल्या जिभेला पहिला घोट पातळ आणि आंबट लागतो, आणि कॉफी बिघडली आहे असा समज होतो. तो आंबटपणा फळाचा असतो. भाजणी हलकी ठेवली की तो टिकतो, आणि इथिओपियाच्या बियांमध्ये त्याला लिंबाचा किंवा फुलांचा वास असतो.

ही कॉफी पिण्याचा क्रम मात्र पाळावा लागतो. गोड खाल्ल्यानंतर आंबट अधिक आंबट लागते, म्हणून डोनटचा घास घेण्यापूर्वी साखर न घातलेल्या कॉफीचे दोनतीन घोट घ्यावेत. पोर ओव्हर म्हणजे कागदी गाळणीतून हाताने पाणी ओतून केलेली कॉफी तयार व्हायला तीनचार मिनिटे लागतात, तेव्हा ती आधी मागवावी आणि डोनट नंतर घ्यावा. ती गरम असताना तिची चव बंद असते. जरा निवल्यावर ती खुलते. साध्या ग्लेझच्या डोनटबरोबर ही कॉफी उत्तम जमते. चॉकलेटच्या किंवा क्रीम भरलेल्या डोनटबरोबर एस्प्रेसोवर थोडेच दूध घातलेली कोर्टाडो घ्यावी. ज्यांना आंबटपणा सोसतच नाही, त्यांनी गडद भाजणीची कॉफी आहे का असे विचारावे, किंवा सरळ भरपूर दुधाची लाटे घ्यावी; आवडीने प्यायलेली लाटे ही नाइलाजाने प्यायलेल्या पोर ओव्हरपेक्षा केव्हाही चांगली. साखर आणि हाफ अँड हाफ, म्हणजे निम्मे दूध आणि निम्मे क्रीम, बाजूच्या टेबलावर ठेवलेले असते किंवा मागितल्यावर मिळते.

डोनटचे दुकान आणि कॉफीचे दुकान वेगळे असेल, तर एका ठिकाणचा खोका दुसऱ्या ठिकाणी उघडण्यापूर्वी तिथे विचारावे. काही ठिकाणी आनंदाने परवानगी देतात, काही ठिकाणी त्यांचे स्वतःचे खाद्यपदार्थ असल्याने देत नाहीत. आत बसून खायचे असेल तर मागणी सांगतानाच ‘फॉर हिअर’ म्हणावे, म्हणजे कॉफी चिनी मातीच्या कपात आणि डोनट बशीत मिळतो. कागदी पेल्याच्या झाकणातून वास नाकापर्यंत पोहोचत नाही, आणि वास पोहोचला नाही तर चवीचा मोठा भाग गेला.

पैसे देणे सोपे आहे. ऑरेगनमध्ये विक्रीकर नाही, म्हणून फलकावर लिहिलेली किंमत तीच द्यायची असते. पैसे घेण्याच्या यंत्राच्या पडद्यावर १५, १८, २० टक्के असे टिपचे आकडे पुढे येतात. काउंटरवरून वस्तू घेताना टिप देण्याची सक्ती नसते, परंतु कोणी पाच मिनिटे खर्चून हाताने कॉफी केली असेल आणि आपल्या प्रश्नांना नीट उत्तरे दिली असतील, तर एकदोन डॉलर अवश्य ठेवावेत.

घरी न्यायचे असतील तर त्याच दिवशी संपतील तितकेच घ्यावेत. खोक्याचे झाकण किंचित उघडे ठेवावे, नाहीतर ग्लेझला पाणी सुटते. साधे डोनट फ्रिजमध्ये ठेवू नयेत. थंडीत पिठातला स्टार्च लवकर कडक होतो आणि डोनट शिळा लागतो. कस्टर्ड किंवा क्रीम भरलेले मात्र फ्रिजमध्येच ठेवायला हवेत. दुसऱ्या दिवशी यीस्टचा साधा डोनट मायक्रोवेव्हमध्ये आठदहा सेकंद गरम केला तर बराचसा मऊ होतो, आणि ओल्ड फॅशन्ड ओव्हनमध्ये गरम केला तर कडा पुन्हा कुरकुरीत होतात.

भारतात परतताना डोनट नेण्याचा विचार सोडावा आणि कॉफीच्या बिया न्याव्यात. पिशवीवर भाजल्याची तारीख छापलेली असते. भाजून एक आठवडा झालेली आणि एक महिना न ओलांडलेली कॉफी साधारणपणे चांगल्या अवस्थेत असते, म्हणून परतीच्या प्रवासाआधी दोनतीन दिवस खरेदी करावी. घरी दळण्याचे यंत्र असेल तर अख्ख्या बियाच घ्याव्यात. नसेल तर दुकानात दळून मागावी, पण कशात करणार ते सांगावे: फ्रेंच प्रेससाठी जाडसर रव्यासारखी आणि आपल्या स्टीलच्या फिल्टरसाठी त्याहून पुष्कळ बारीक.